श्वास मोजता येतात, मग मॉर्फीन कुलपात का?

रात्री साडेअकराला फोन आला. पलीकडे आबांचा मुलगा होता. "डॉक्टरसाहेब, दिवसभरात दोन इंजेक्शनं झाली, तरी कूस बदलता येत नाही. उशीचं टोक दातांत धरून पडलेत. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून गोठ्यात येऊन बोलतोय."

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, मणक्यांत आणि खुब्यात उतरलेला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयानं पंधरा दिवसांच्या मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या. पुन्हा आणायच्या तर एसटीनं नऊ तास जायचं आणि नऊ तास यायचं. आमच्या तालुक्यात ती गोळी नव्हती, जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलं तिथंही नव्हती. एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुलाला सरळ सांगितलं होतं, "ते आम्ही ठेवत नाही. त्यानं श्वास बंद पडतो. शिवाय सवय लागते."

मी भूलतज्ज्ञ आहे. त्याच दिवशी सकाळी एका हर्नियाच्या आणि एका पित्ताशयाच्या ऑपरेशनात मी फेंटानिल दिलं होतं. मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट ताकदीचं औषध, रक्तात सोडलं की मिनिटाभरात मेंदूत. दोन्ही पेशंट दुपारी चहा पिऊन गप्पा मारत होते. म्हणजे टेबलावर झोपलेल्या माणसाला मी रोज हे औषध देतो आणि खाटेवर तळमळणाऱ्या माणसासाठी त्याच जातीची सौम्य गोळी मला जिल्हाभर मिळत नाही. वीस वर्षं या व्यवसायात राहून हे मी कधी नीट डोळ्यांसमोर धरलं नव्हतं. त्या रात्री धरलं, आणि मला लाज वाटली.

माझं म्हणणं एवढंच आहे: तोंडानं घ्यायचं मॉर्फीन महाराष्ट्रातल्या प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात मिळालं पाहिजे, आणि ते देणाऱ्या डॉक्टर-नर्सना ते मेंदूत काय करतं हे ठाऊक असलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट पहिलीच्या आधी येते. कारण औषध कुलपात ठेवणारी खरी किल्ली भीती आहे, आणि ती भीती मेंदूच्या फार छोट्या भागाबद्दलची आहे. तो भाग जरा जवळून पाहूया.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा बोटभर लांबीचा देठ असतो, त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. फुलाचा देठ खुडला की फूल गेलं, तसंच इथंही. श्वास, रक्तदाब, उलटी, जाग, बाहुल्यांचं लहानमोठं होणं, सगळं या देठातून चालतं. आणि या देठात ओपिऑइड म्हणजे मॉर्फीनच्या जातीच्या औषधांचे रिसेप्टर, म्हणजे ती औषधं जिथं जाऊन बसतात त्या जागा, ठासून भरलेल्या आहेत. मेंदूत अशा जागा आहेत हे १९७३ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं. मग प्रश्न उभा राहिला, की खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी, म्हणजे अफूसाठी आणि तिच्यातल्या मॉर्फीनसाठी, माणसाच्या मेंदूत जागा का असाव्यात? दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलित्झ यांना उत्तर सापडलं. मेंदू स्वतःच तसा पदार्थ तयार करतो. त्यांनी त्याला एन्केफलिन म्हटलं. मॉर्फीन हे उपरं खरं, पण ते आपल्याच घराच्या कुलपाला लागणारी किल्ली घेऊन येतं.

किल्ली फिरल्यावर काय होतं? एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचतो तो रसायनाच्या पुड्यांमधून. पेशीच्या टोकाशी या पुड्या तयार असतात. विजेची लहर आली की कॅल्शियम आत शिरतं, पुड्या फुटतात, रसायन पलीकडे सांडतं. या रसायनाला न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. ओपिऑइड औषध रिसेप्टरवर बसलं की कॅल्शियमच्या वाटा आखडतात, पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि पेशी थंडावते, पुड्या कमी फुटतात. मॉर्फीनचं काम मुळात इतकंच आहे, निरोप धाडणाऱ्याचा हात धरायचा. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ विल्यम पॅटननी हे १९५७ सालीच गिनीपिगच्या आतड्यावर दाखवलं होतं. मॉर्फीन दिलं की आतड्यातल्या मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी सुटतं आणि आतडं सुस्तावतं. मॉर्फीन घेणाऱ्याला बद्धकोष्ठ होतो तो त्यामुळं. म्हणून आम्हाला शिकवतात की ज्या हातानं मॉर्फीन लिहाल, त्याच हातानं पोट साफ होण्याचं औषध लिहा.

मग नुसता हात धरून वेदना कशी थांबते? मला या विषयातला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो, त्यामुळं इथं थोडं थांबतो.

देठाच्या वरच्या टोकाला, मध्यमेंदूत, एका बारीक नळीभोवती राखाडी पेशींचं कडं आहे. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकानं उंदराच्या मेंदूत याच भागाला विजेचा हलका झटका देत राहून त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागा होता, भूल दिलेली नव्हती, तरी त्यानं अंग चोरलं नाही. त्याच्या पाच वर्षं आधी दोन चिनी शास्त्रज्ञांनी सशाच्या मेंदूतल्या याच परिसरात मॉर्फीनचा थेंबभर अंश सोडून वेदना थांबलेली पाहिली होती. या कड्यातून एक वाट खाली मेड्युलात, म्हणजे देठाच्या खालच्या भागात, उतरते आणि तिथून मज्जारज्जूत. पाय भाजला, हाड दुखलं, की वेदनेची वर्दी मज्जारज्जूतून वर निघते, आणि ही खाली उतरणारी वाट त्या वर्दीला वेशीवरच अडवू शकते.

पण ती एरवी अडवत नाही. का, ते कालव्यावर शेती असलेल्यांना पटकन कळेल. पाण्याचं दार पाटकऱ्याच्या हातात असतं. पाणी भरपूर आहे, पाटही मोकळा आहे, पण पाटकरी दार धरून बसलाय. त्या राखाडी कड्यात हा पाटकरी म्हणजे गाबा नावाचा न्यूरोट्रान्समीटर. गाबाचं काम गप्प करणं. वेदना अडवणाऱ्या पेशींवर गाबाच्या पुड्या सतत फुटत असतात, म्हणून त्या पेशी एरवी दबून असतात. मॉर्फीन येतं आणि गाबा सोडणाऱ्या टोकाचा हात धरतं. पाटकरी बाजूला झाला, दार उघडलं, पाणी पाटानं खाली निघालं. मॉर्फीन वेदना अडवणाऱ्या पेशींना ढकलत नाही, त्यांना दाबणाऱ्याला दूर करतं. शिवाय मज्जारज्जूतही ते थेट काम करतं, तिथं वेदनेची वर्दी देणारी रसायनंच कमी सुटतात.

१९९७ साली सिडनीच्या ख्रिस्टी, वॉन आणि सहकाऱ्यांनी याच राखाडी कड्यातल्या पेशींवर काम करून आणखी एक दुवा पुढे आणला. गाबाचा हात धरला जातो तो टोकाच्या आतल्या एका रासायनिक साखळीतून. त्या साखळीचा कच्चा माल दोन वाटांनी खर्च होऊ शकतो, आणि त्यातली एक वाट ॲस्पिरिनच्या जातीची औषधं बंद करतात. ती वाट बंद झाली की माल दुसऱ्या वाटेला जास्त मिळतो आणि गाबा आणखी कमी सुटतो. म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचं औषध आणि ओपिऑइड बरोबर दिलं तर दोघांची नुसती बेरीज होत नाही, त्याहून जास्त हाती लागतं, आणि कमी मॉर्फीनमध्ये काम भागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांचे उपचार सुचवले, तेव्हा वरच्या पायरीवरही साधं वेदनाशामक सोबत चालू ठेवायला सांगितलं होतं. ते डॉक्टरांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण होतं. त्याच्या मागचं एक कारण अकरा वर्षांनी देठातल्या एका कड्यात दिसलं.

आता श्वासाकडे येतो, कारण सगळं अडलंय ते तिथं.

देठाच्या खालच्या भागात, मेड्युलात, दोन्ही बाजूंना पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. श्वास आत घेण्याची लय तिथं जन्मते. १९९१ साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी ते ओळखले. नाव आहे प्रीबॉटझिंगर. फेल्डमननी त्याच्या शेजारच्या भागाला जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावरच्या वाइनच्या बाटलीवरून बॉटझिंगर हे नाव दिलं होतं, त्यावरून हे पुढचं आलं. या पुंजक्यातल्या पेशी भजनातल्या टाळकऱ्यांसारख्या एकमेकींचं ऐकून ठेका धरतात. एकीनं सुरू केलं की दुसरी, मग दहावी, मग सगळ्या एकदम, आणि आपण श्वास घेतो. पुन्हा शांतता. पुन्हा ठेका.

ओपिऑइड इथं दोन गोष्टी करतं. ठेक्याची सुरुवात करून देणाऱ्या पेशींना थंडावतं, आणि पेशी एकमेकींना जो निरोप देतात त्या रसायनाच्या पुड्याही कमी फोडू देतं. टाळकऱ्यांना एकमेकांचं ऐकू येईनासं होतं आणि ठेका मध्येच चुकतो. तो चुकतो म्हणजे एक अख्खा श्वास गाळला जातो. म्हणून मॉर्फीन जास्त झालेल्या माणसाचा श्वास आधी विरळ होतो. मिनिटाला १६ होते ते १२ होतात, १० होतात, आणि लक्ष दिलं नाही तर चार. याच्या वरच्या अंगाला, पॉन्समध्ये, म्हणजे देठाच्या मधल्या भागात, आणखी एक केंद्र आहे, तेही मंदावतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी देठ खडबडून श्वास वाढवतो. ती जागही बधिर होते.

म्हणजे भीती खोटी नाही. त्या डॉक्टरांनी आबांच्या मुलाला खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं असं आहे: हा धोका टप्प्याटप्प्यानं येतो, आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो. श्वास धोक्याइतका मंद होण्याआधी माणूस गुंगतो. हाक मारली तर ओ देतो, पण वाक्य अर्ध्यावर सोडून झोपी जातो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मग श्वासांची संख्या उतरते. एकही यंत्र न लावता, हातातल्या घड्याळावर मिनिटभर छाती पाहून हे ओळखता येतं. तोंडानं दिलेली ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी हळूहळू चढते, चार तासांनी पुढची देण्याआधी पेशंटकडे पाहायला पुरेसा वेळ मिळतो. वेदना स्वतःच श्वासाला जागं ठेवते, म्हणून वेदनेच्या मापानं वाढवत नेलेल्या मात्रेत श्वास बंद पडण्याइतकी वेळ क्वचित येते. वेळ येते ती कुठं, तेही ठाऊक आहे. मूत्रपिंडं निकामी झालेली असताना मात्रा तीच ठेवली तर, मॉर्फीनच्या सोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू पोटात गेली तर, लहान मुलाला मोठ्याची मात्रा दिली तर. झोपेच्या गोळ्या आणि दारू गाबाचाच जोर वाढवतात, आणि श्वासाच्या पुंजक्यावर दोन्हीकडून दाब येतो.

मुलांचं म्हटलं म्हणून आठवतं. आपल्याकडे अफूची भीती पुस्तकांतून आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना बाळगोळी चाटवून पाळीला जात, आणि त्या गोळीत अफू असे. मूल झोपून राही, आणि काही मुलं त्या झोपेतून उठली नाहीत. ज्या माउलीला रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं, तिला दोष देणारा मी कोण? पण ती आठवण घराघरांत उतरली आहे. त्याच मुंबईतून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू जहाजांत भरून चीनला जात होती, आणि त्या व्यापारात कमावलेल्या संपत्तीचा वाटा जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या देणगीत आहे, ज्यावर जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. या शहराचं आणि या चिकाचं नातं इतकं जुनं आहे. भीतीची मुळं मला समजतात. म्हणूनच ती नुसती झटकून टाका असं मी म्हणत नाही, मोजून पाहा म्हणतो.

दुसरी भीती सवयीची. इथं दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात गाडल्या जातात. देठात, पॉन्सच्या मागच्या बाजूला, निळसर दिसणाऱ्या पेशींचा एक ठिपका आहे. मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन पुरवायचं काम त्याचं. जाग, सावधपणा, छातीची धडधड या रसायनावर चालते. ओपिऑइड त्याला शांत करतं. रोज शांत केलं की त्या पेशी भरपाई म्हणून आपला मूळ जोर वाढवून ठेवतात. औषध एकाएकी थांबलं की तो वाढवलेला सगळा जोर एकदम उसळतो. घाम, थरथर, जुलाब, अंगावर काटा, झोप नाही. गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढणारी पोरं याला "टर्की" म्हणतात. क्लोनिडीन नावाचं रक्तदाबाचं जुनं औषध याच पेशींना दुसऱ्या दारानं शांत करतं, म्हणून ते तेव्हा उपयोगी पडतं.

हे शरीराचं जुळवून घेणं आहे, आणि ते आबांच्याही बाबतीत झालं असतं. गोळी बंद करायची वेळ आली असती तर थोडी थोडी कमी करावी लागली असती, इतकंच. त्याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे नुकसान होत असतानाही औषधाच्या मागे धावणं, आयुष्य त्याच्याभोवती गुंडाळलं जाणं. आबांचं आयुष्य तेव्हा वेदनेभोवती गुंडाळलं गेलं होतं. गोळी मिळाली असती तर ते सुटलं असतं.

खऱ्या व्यसनाची झळ मी नाकारत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते गर्दनं पोखरलेली तरुण मुलं समोर दिसत होती म्हणून. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशातले सुमारे २.०६ टक्के लोक कुठलं ना कुठलं ओपिऑइड घेत असल्याचं दिसलं, आणि त्यातले अंदाजे ७७ लाख लोक मदतीची गरज असण्याइतके अडकलेले होते. त्यांच्यात सगळ्यात मोठा वाटा हेरॉइनचा, त्याखालोखाल औषधांच्या दुकानातून येणाऱ्या ओपिऑइडचा. या दुकानांत रांगा लागतात त्या खोकल्याच्या कोडीनवाल्या सिरपसाठी आणि ट्रॅमाडॉलसाठी. ट्रॅमाडॉल तर २०१८ सालापर्यंत अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतंच. म्हणजे सहज मिळू नये ते वर्षानुवर्षं सहज मिळत राहिलं, आणि कॅन्सरच्या पेशंटची गोळी तेवढी आपण घट्ट बंद करून ठेवली.

ती कशी बंद झाली, तेही पाहण्यासारखं आहे. १९८५ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा, आला. हेतू तस्करी रोखण्याचा होता. पण शिक्षा किमान दहा वर्षांच्या, नोंदीत चूक झाली तरी धास्ती, आणि रुग्णालयाला मॉर्फीन ठेवायचं तर अनेक राज्यांत चार-पाच परवाने, वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या मुदतींचे. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा आलेला नसायचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फीन हातात न धरता शिकून बाहेर पडली. मी त्याच पिढीतला. भूलशास्त्राकडे वळलो नसतो तर मीही त्या मुलाला तेच उत्तर दिलं असतं.

आणि हे त्या देशात घडलं जिथं नीमच, मंदसौर, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्यानं खसखशीची बोंडं चिरली जातात, जिथं गाझीपूरला आणि नीमचला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. जगात डिंकाच्या रूपातली अफू कायदेशीररीत्या निर्यात करणारा देश आपलाच. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं हिशेब मांडला, तेव्हा जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या मॉर्फीनच्या मापानं मोजलेल्या २९८.५ टन ओपिऑइडपैकी सगळ्यात गरीब देशांना ०.१ टन मिळत होतं, आणि भारतातल्या पेशंटच्या वाट्याला गरजेच्या साधारण ४ टक्के.

अमेरिकेचं उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. तिथं १९९६ साली ऑक्सिकोडोनची एक गोळी बाजारात आली, ती बनवणाऱ्या कंपनीनं व्यसनाचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना सांगितलं, आणि २००७ साली न्यायालयात दिशाभूल केल्याची कबुली दिली. पुढं रस्त्यावर हेरॉइन आलं, मग बेकायदा फेंटानिल. २०२२ साली तिथं अमली पदार्थांच्या अतिसेवनानं एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक मृत्यू ओपिऑइडचे, म्हणजे शेवटी त्याच प्रीबॉटझिंगरच्या ठेक्याचे. मी हे उदाहरण बाजूला सारत नाही. उलट माझ्या मागणीची हद्द मी त्यावरूनच आखतो. पाठदुखीला आणि गुडघेदुखीला महिनोन्‌महिने गोळ्या, विक्रेत्यांचे प्रतिनिधी, गोळ्या खपवण्यावर बक्षीस, यातलं काहीही इथं येता कामा नये. पण आपल्याच देशात दुसरं उदाहरणही आहे. केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. तिथं दोन वर्षांत १७२३ पेशंटना घरी तोंडानं घ्यायचं मॉर्फीन दिलं गेलं आणि त्यातलं काही बाहेर फुटल्याचं किंवा त्याचा गैरवापर झाल्याचं आढळलं नाही. २००१ साली लॅन्सेटमध्ये हे छापून आलं. युगांडात तर २००४ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फीन लिहून देण्याची कायद्यानं मुभा आहे. तिथं पावडर पाण्यात विरघळवून बाटलीतलं मॉर्फीन खेड्याखेड्यांत जातं.

आपला कायदाही बदलला आहे. २०१४ साली एनडीपीएसमध्ये दुरुस्ती झाली. मॉर्फीन, फेंटानिल, कोडीन अशा काही औषधांना अत्यावश्यक अमली औषधं म्हणून वेगळं काढलं, देशभर एकच नियम केले, आणि ढीगभर परवान्यांऐवजी एका यंत्रणेची, म्हणजे राज्याच्या औषध नियंत्रकाची, मान्यता पुरेशी ठरवली. आता अडथळा कागदाचा फारसा उरलेला नाही. मान्यता मागणारंच कोणी नाही, हा अडथळा आहे. मुंबईत टाटा रुग्णालयात, वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात, पुण्यात वारज्याला वेदनाशमनाचं उत्तम काम चालतं. शांती आवेदना १९८६ पासून आहे, देशातलं असं पहिलं घर. पण वेदना मुंबई-पुण्यापर्यंत येण्याची वाट पाहत नाही.

म्हणून माझी मागणी शासनाकडे आहे, आणि माझ्याच व्यवसायबंधूंकडेही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकानं मान्यतेचा अर्ज करावा, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी तो केला का ते विचारावं. दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या, कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि दोन माणसांच्या सह्या, इतकीच व्यवस्था लागते. इंटर्नशिपमध्ये प्रत्येक मुलानं दोन आठवडे तरी अशा पेशंटच्या घरी जाऊन मॉर्फीन सुरू करावं, वाढवावं, श्वास मोजावेत. आणि कुलपाशेजारी उतारा हवा. नॅलॉक्सोन अमेरिकेत १९७१ पासून वापरात आहे. ते रिसेप्टरवर मॉर्फीनला ढकलून स्वतः बसतं, आणि थांबत आलेला श्वास दोन-तीन मिनिटांत परत येतो. १०८च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असायला हवं, गर्द ओढून रस्त्याकडेला पडलेल्या पोरासाठीसुद्धा. त्यालाही तोच देठ आहे, तोच ठेका. फक्त हे लक्षात ठेवायचं की नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, तेव्हा मॉर्फीन अजून अंगात असू शकतं, म्हणून पेशंटला सोडून जायचं नाही. कॅन्सरच्या पेशंटला ते थेंबाथेंबानं द्यायचं, नाहीतर सगळी वेदना एका क्षणात परत येते.

आबांकडे परत येतो. गोळ्या चौथ्या दिवशी आल्या. मुलगा जाऊन घेऊन आला. सोबत चालू असलेलं साधं वेदनाशामक मी तसंच ठेवलं, हाडांच्या दुखण्यात ते कामाला येतं. पहिले तीन दिवस मळमळ झाली, ती देठातल्या उलटीच्या केंद्राची ओळख पटेपर्यंतची, मग थांबली. गोळ्या सुरू होऊन पाचव्या दिवशी ते उठून ओट्यावर बसले, दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि कापसाचा भाव विचारला. पुढं ते सात आठवडे जगले. गेले ते आजारानं.

त्यांच्या सुनेला मी पहिल्याच दिवशी घड्याळ धरून श्वास मोजायला शिकवलं होतं. दहाच्या खाली गेले, किंवा हाकेला ओ नीट आली नाही, तर पुढची गोळी थांबवायची आणि मला फोन करायचा. तिनं दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, आकडा. १६. १४. १५. १४. एके रात्री ११, आणि पुढं "हाक मारली, पाणी मागितलं." ती गोळी तिनं तासभर उशिरा दिली होती, आपल्या बुद्धीनं. बारावी झालेली मुलगी.

ती वही तिनं मला दिली. परवा आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरना मी ती दाखवली. त्यांनी पानं उलटून पाहिली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एवढं मोजायला तर आम्हाला येतंच की."